देकादास दा आझिया

आशियातील पोर्तुगीज सत्तेचा सोळाव्या शतकात सुरू झालेला कथनात्मक इतिहास. एकेका खंडात दहा भाग, म्हणून ‘देकादा’ म्हणजे दशक. हा घाट रोमन इतिहासकार लिव्हीचा. जुआंव द बारोस (सु. १४९६–१५७०) याने तो आरंभला. लिस्बनच्या ‘कासा दा इंडिया’ या सरकारी व्यापारी कचेरीत तो अधिकारी होता. आशियात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. कचेरीत येणारी पत्रे आणि अहवाल हेच त्याचे डोळे. त्याचे पहिले तीन खंड १५५२, १५५३ आणि १५६३ मध्ये छापले गेले. भाषा भारदस्त, सूर विजयाचा.

पुढची दशके दियोगो दो कौतो (१५४२–१६१६) याची. १५५९ मध्ये तो सैनिक म्हणून भारतात आला आणि मधली पोर्तुगालवारी सोडता गोव्यातच राहिला, तिथेच वारला. १५९५ मध्ये राजाने त्याला इतिहासकार व गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख नेमले. त्याच्या लेखनाचे नशीब मात्र खडतर. सहाव्या खंडाच्या बहुतेक प्रती छापखान्यात जळाल्या; आठव्या-नवव्याची हस्तलिखिते तो आजारी असताना चोरीला गेली, तेव्हा त्याने आठवणीवरून त्यांचे सार पुन्हा लिहिले.

घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांचे वर्णन सातव्या दशकात आहे. घारापुरीच्या दारावरचा शिलालेख वाचणारा कोणी मिळेना, म्हणून तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडल्याचे कौतो सांगतो. तो शिलालेख आजवर सापडलेला नाही. त्या एका परिच्छेदासाठीही हा खंड चाळावा.

कौतोचे खरे तिखट लेखन दशकांबाहेर, ‘सोल्दादो प्रातिको’ या संवादात आहे. त्यात एक मुरलेला सैनिक गोव्यातील अधिकाऱ्यांची लूट उघडी पाडतो. तो छापून यायला १७९० उजाडले; राजाश्रयाने लिहिलेल्या इतिहासात काय बसत नव्हते, ते यावरून कळते.

कोकणच्या अभ्यासकाला दशके टाळता येत नाहीत, पण ती एकटी वाचू नयेत. १५७०–७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने चौलला घातलेला वेढा पोर्तुगीज लेखणीत मूठभर शूरांच्या चिवट लढ्याची कथा होतो. फारसीत लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता मात्र लिहितो की निजामशाही सरदारच फितले होते, आणि त्यांना पोचलेल्या नजराण्यांत मुख्य होती दारू.