कोळशाच्या बदल्यात माणसं : इटलीतल्या मतमतांतरांची पार्श्वभूमी

सानरेमोची गायनस्पर्धा खरं तर कोणी जिंकायला हवी होती, समुद्रातून आलेल्यांचं काय करायचं, विजेचं बिल एवढं का येतं, अणुभट्ट्या बंद करणं शहाणपणाचं होतं की खुळेपणाचं... इटलीत कॉफीच्या काउंटरवर उभ्याउभ्या या विषयांवर मत न देणारा माणूस विरळाच. मतं झटपट दिली जातात, पण ती हवेतून आलेली नसतात. गाणी, सिनेमा, स्थलांतर आणि ऊर्जा हे सगळं तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एकाच कहाणीत गुंतलं आहे, आणि ती कहाणी कोळशापासून सुरू होते.

युद्ध संपलं तेव्हा इटलीत काम मागणारे हात भरपूर होते आणि जाळायला काही नव्हतं. बेल्जियमची अडचण नेमकी उलटी. तिथे खाणी होत्या, पण त्यात उतरायला स्थानिक माणसं तयार नव्हती. २३ जून १९४६ रोजी रोममध्ये करार झाला. इटलीने आठवड्याला २,००० या हिशेबाने ५०,००० मजूर पाठवायचे आणि बेल्जियमने त्या बदल्यात कोळसा विकायचा. गावोगावी गुलाबी पत्रकं लागली. पगार किती, भत्ते किती, सगळं त्यात होतं. खाणीत काम कसं असतं, तेवढं नव्हतं. भरती झालेल्यांची वैद्यकीय तपासणी मिलानच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या तळघरात व्हायची. बेल्जियममध्ये पोचल्यावर अनेकांच्या वाट्याला युद्धकैद्यांच्या जुन्या बराकी आल्या.

८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत, ९७५ मीटर खोलीवर, कोळशाची एक वॅगन पिंजऱ्यात नीट बसली नाही. तशाच अवस्थेत पिंजरा वर ओढला गेला. बाहेर आलेल्या वॅगनने तेलाची नळी आणि विजेच्या तारा तोडल्या आणि आग भडकली. २६२ जण गेले, त्यातले १३६ इटालियन. दोन आठवड्यांनी तळापर्यंत जाऊन आलेल्या बचावकर्त्याने वर येऊन इटालियनमध्ये दोनच शब्द उच्चारले, ‘तुत्ती कादावेरी’. सगळी प्रेतं. परदेशात राबलेल्या इटालियन कामगारांचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून २००१ मध्ये हीच तारीख ठरवण्यात आली.

स्थलांतरावरच्या आजच्या वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमचे लोक गेले ते रीतसर, हातात कंत्राट घेऊन.’ हे निम्मंच खरं आहे. पिएत्रो जेर्मी यांच्या १९५० च्या ‘इल कम्मिनो देल्ला स्पेरान्त्सा’ या सिनेमात सिसिलीतली गंधकाची खाण बंद पडते आणि कामगार बायकापोरांसकट अख्खी इटली ओलांडून, आल्प्सच्या बर्फातून चोरवाटेने फ्रान्स गाठतात. पात्रं काल्पनिक, वाट खरी. त्या वाटेने गेलेल्यांकडे कागदपत्रं नव्हती. असला सिनेमा सरकारला मुळीच आवडायचा नाही. चित्रपटांचं खातं सांभाळणारे जुलिओ आंद्रेओत्ती यांनी १९५२ मध्ये दिग्दर्शक दे सिका यांना जाहीर पत्र लिहून देशाचं वाईट चित्र रंगवल्याबद्दल सुनावलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला आणि तो पाहून बिमल रॉय ‘दो बिघा जमीन’कडे वळले.

पुढच्या दोन दशकांत लोक देशातल्या देशातही हलले. ‘ट्रेनो देल सोले’ ही गाडी सिसिलीहून उत्तरेतल्या तोरिनोला माणसं आणत होती, फियाटच्या कारखान्यासाठी. गिरणगावातल्या चाकरमान्याला निदान गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळायची. तोरिनोत घरांवर पाट्या असत, ‘दक्षिणेकडच्यांना भाड्याने देणे नाही’. विस्कोन्ती यांचा ‘रोक्को आणि त्याचे भाऊ’ (१९६०) याच लोंढ्यातल्या एका कुटुंबाचा. गायक आद्रिआनो चेलेन्तानो मिलानमध्ये जन्मला, पण त्याचे आईवडील दक्षिणेतल्या पुल्यातले. जुन्या गल्लीवर चढलेल्या सिमेंटचं त्याचं गाणं १९६६ च्या सानरेमोत पहिल्या फेरीतच बाद झालं. ते आजही लोकांना पाठ आहे, आणि परीक्षकांना काही कळत नाही या तक्रारीला तेव्हापासून भक्कम पुरावा आहे.

कोळशाचा प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवू पाहणारा माणूस म्हणजे एन्रिको मात्तेई. आजिप ही सरकारी तेल कंपनी गुंडाळण्यासाठी १९४५ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. त्यांनी ती गुंडाळली नाहीच, उलट पो नदीच्या खोऱ्यातला नैसर्गिक वायू काढला आणि १९५३ मध्ये एनी ही कंपनी उभी राहिली. बड्या तेल कंपन्या उत्पादक देशांना निम्मा नफा देत होत्या. १९५७ मध्ये मात्तेईंनी इराणला ७५ टक्के देऊ केले. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांचं विमान मिलानजवळ कोसळलं. अपघात की घातपात, हा वाद अजून चालू आहे. फ्रांचेस्को रोझी यांनी त्यावर १९७२ मध्ये सिनेमा केला. त्यासाठी माहिती गोळा करणारा पत्रकार माउरो दे माउरो १९७० मध्येच पालेर्मोतून नाहीसा झाला होता. ‘तेल आलं की माफिया, अमेरिका आणि सरकार येणारच’ या इटालियन संशयाची मुळं इथे आहेत, आणि तो अगदीच निराधार म्हणवत नाही.

अणुऊर्जेची गोष्ट त्यामानाने सरळ असायला हवी होती. चेर्नोबिलनंतर नोव्हेंबर १९८७ मध्ये सार्वमत झालं. मतपत्रिकेवर ‘भट्ट्या बंद करा’ असा प्रश्न नव्हताच. प्रश्न जागा ठरवण्याचे अधिकार, गावांना मिळणारं अनुदान असे तांत्रिक होते. कौल मात्र सगळ्यांनी एकाच अर्थाने घेतला आणि १९९० पर्यंत सगळ्या भट्ट्या थंडावल्या. मतदानाच्या आदल्या रात्री सरकारी टीव्हीवर चेलेन्तानोने प्रेक्षकांना सांगितलं, मतपत्रिकेवर ‘शिकार प्रेमाच्या विरुद्ध आहे’ असं लिहा. शिकारीचा त्या सार्वमताशी काडीचा संबंध नव्हता. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. फुकुशिमानंतर २०११ च्या सार्वमतात ९४ टक्के मतं पुन्हा अणुऊर्जेच्या विरोधात पडली. दरम्यान इटली शेजारच्या फ्रान्सकडून वीज विकत घेत राहिली, आणि ती येते मुख्यतः अणुभट्ट्यांतूनच. हा टोमणा काउंटरवर कोणीतरी मारतोच.

मग माणसांचा ओघ उलटला. ८ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे मार्सिनेलच्याच तारखेला, ‘व्लोरा’ हे जहाज सुमारे २०,००० अल्बेनियन माणसांना घेऊन बारी बंदरात आलं. क्यूबाहून साखर आणलेलं हे जहाज अल्बेनियातल्या दुर्रेस बंदरात लोकांनी ताब्यात घेतलं होतं. त्यातले बरेच जण इटालियन बोलत. चोरून पाहिलेल्या इटालियन टीव्हीवरच्या गाण्यांतून आणि प्रश्नमंजूषांतून शिकले होते. त्यांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कोंडलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. जान्नी आमेलिओंचा ‘लामेरिका’ (१९९४) याच काळातला. पो खोऱ्यातल्या गोठ्यांत तोवर पंजाबी शीख कामाला लागले होते. पार्मिजानो चीजसाठी जाणाऱ्या दुधामागे आज त्यांचे हात आहेत. त्यांच्याबद्दल काउंटरवर सहसा कोणी आवाज चढवत नाही. कामाला येणारा परदेशी चालतो, नागरिकत्व मागणारा खुपतो.

२०१९ मध्ये गायक महमूद सानरेमो जिंकला. जन्म मिलानचा, आई सार्डिनियाची, वडील इजिप्तचे, आणि गाण्यात एक ओळ अरबी. अंतिम तिघांत प्रेक्षकांच्या मतांत तो शेवटी होता; परीक्षक आणि पत्रकारांच्या मतांनी त्याला वर आणलं. तेव्हाचे गृहमंत्री साल्विनी यांनी आपल्याला दुसरा गायक आवडल्याचं ट्विट केलं. वाद गाण्याचा होता की आडनावाचा, हे एकाच घरातल्या दोघांनाही एकमताने सांगता येणार नाही.

२०२२ मध्ये पंतप्रधान मेलोनी यांनी आफ्रिकेसाठीच्या आपल्या योजनेला मात्तेईंचंच नाव दिलं. आफ्रिकेतून ऊर्जा यावी आणि माणसं आपापल्या देशात राहावीत, हा तिचा गाभा. म्हणजे १९४६ चा सौदा फिरवून मांडलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अणुऊर्जेकडे परतण्याच्या विधेयकाचा मसुदा मंजूर केला. जूनमध्ये नागरिकत्वासाठी लागणारी १० वर्षांच्या वास्तव्याची अट ५ वर आणावी का, यावर सार्वमत झालं. निकाल ग्राह्य धरायला निम्म्याहून जास्त मतदार यावे लागतात; जेमतेम ३० टक्के आले, म्हणजे ते बाद ठरलं. आलेले बहुतेक डावे आणि कामगार संघटनांचे मतदार होते, तरी त्यातल्याही साधारण तिसऱ्या हिश्श्याने ‘नको’ असंच मत दिलं.