बेलफास्टच्या वाटाघाटी आणि 7,731 मतं

ब्रिटनच्या ताब्यातल्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये (राजधानी बेलफास्ट) कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत अनेक वर्षं हिंसक संघर्ष चालला होता. मे 1996 मध्ये तिथे शांतता वाटाघाटींसाठी प्रतिनिधी निवडले गेले. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी उभ्या राहिलेल्या विमेन्स कोअलिशन या महिलांच्या पक्षाला 7,731 मतं पडली, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित वर. एकाही मतदारसंघात त्यांचा उमेदवार निवडून आला नाही. तरीही त्यांना दोन जागा मिळाल्या, कारण मतदारसंघांतल्या 90 जागांखेरीज सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा मिळणार होत्या. हा नियम महिलांसाठी नव्हताच. सशस्त्र गटांशी जवळीक असलेले छोटे लॉयलिस्ट (ब्रिटनशी कट्टर निष्ठा असलेले) पक्ष चर्चेबाहेर राहू नयेत, म्हणून तो केला होता. महिलांचा पक्ष नववा आला आणि त्याच वाटेने आत गेला.

पक्षाच्या या दोन जागांवर आलेल्यांपैकी मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, तर पर्ल सेगर प्रोटेस्टंट. त्या बोलायला उठल्या की समोरून काही पुरुष सदस्य गाईसारखे हंबरत. या बायकांनी कार्यालयात एक फलक लावला आणि त्या त्या आठवड्यातले अपमान त्यावर लिहायला सुरुवात केली. मला यात मोठी हिंमत दिसते. अपमान गिळून गप्प बसण्यापेक्षा त्यांनी त्याची जाहीर नोंद ठेवली.

टेबलावर त्यांनी वेगळे विषय आणले: हिंसाचाराचे बळी, दोन्ही धर्मांच्या मुलांच्या एकत्र शाळा, मिश्र वस्त्या, सामान्य नागरिकांचा सल्ला घेणारा सिव्हिक फोरम. या वाटाघाटींतून झालेल्या 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे करारात हे मुद्दे आले, शिवाय राजकारणात स्त्रियांच्या पूर्ण आणि समान सहभागाचा हक्कही.

मात्र बाई सत्तेवर असली की आपोआप सगळं बदलतं, असं नाही. नॉर्दर्न आयर्लंडबाबत ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात झालेल्या 1985 च्या अँग्लो-आयरिश करारावर ब्रिटनतर्फे पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचीच सही होती. ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्टांना त्या चर्चेत स्थान नव्हतं आणि करार होताच ते रस्त्यावर उतरले.

मग फरक कशाने पडतो? याना क्राउझे, वेर्नर क्राउझे आणि पिआ ब्रान्फोर्स या संशोधकांनी 1989 ते 2011 दरम्यानच्या 42 संघर्षांतले 82 करार तपासले. स्त्रियांच्या सह्या असलेल्या करारांनंतरची शांतता जास्त टिकलेली दिसली. हा परस्परसंबंध आहे, पक्का कार्यकारणभाव नव्हे. जिथे समाज मुळात तडजोडीला तयार असतो, तिथेच स्त्रियांना जागा मिळत असेल, ही शक्यता उरतेच. पण संशोधकांनी सुचवलेलं कारण मला पटतं: सही करणाऱ्या स्त्रियांचे बाहेरच्या महिला संघटनांशी धागे असतात आणि त्यातून कराराला लोकांचं बळ मिळतं.

बेलफास्टमध्ये हे धागे वर्षानुवर्षं वस्त्यांमध्ये काम करून विणलेले होते. मे 1998 च्या सार्वमतात नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मतदान करणाऱ्या 71 टक्के लोकांनी कराराला होकार दिला आणि त्या प्रचारात या स्त्रिया हिरिरीने उतरल्या होत्या. सिव्हिक फोरम मात्र 2002 मध्ये थांबला. पुढच्या वर्षी पक्षाने विधानसभेतल्या आपल्या दोन्ही जागा गमावल्या आणि 2006 मध्ये तो विसर्जित झाला. तो फोरम बंद पडू द्यायला नको होता, असं मला ठामपणे वाटतं. वस्त्यांतलं म्हणणं थेट सत्तेपर्यंत पोचवण्यासाठी करारानेच दिलेली ती जागा होती.