बोटीची मैलाटाकी स्टीलचीच हवी का?

बोटीतील शौचालयाची मैलाटाकी प्लॅस्टिकची घेतली तर तिच्यातून दुर्गंधी झिरपते, म्हणून ती स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला आहे. स्टील मजबूत असते, त्यामुळे हा सल्ला पटणे स्वाभाविक आहे. परंतु मूत्र आणि समुद्राचे खारे पाणी यांचे मिश्रण धातूला, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांना, आतून कुरतडत राहते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या टाकीला सांध्यापाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र पडू शकते. पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकला गंज चढत नाही, आणि सुमारे 9 मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून वासही सहसा बाहेर येत नाही.

वास येतो तो बहुतेकदा मैला वाहून नेणाऱ्या नळीतून, कारण तिच्या खोलगट भागात मैला साचून राहतो. याची खात्री घरच्या घरी करता येते: गरम पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके नळीवर गुंडाळावे, थंड झाल्यावर ते बोटीबाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगावे, फडक्याला वास लागला असेल, तर नळीच बदलावी. टाकीच्या भिंतीचीही अशीच परीक्षा घ्यावी.

टाकीत हवा खेळली नाही, तर प्राणवायूविना वाढणारे जिवाणू कुजक्या अंड्यासारखा वास सोडतात. म्हणून खरेदी करताना हवानळीचे तोंड किमान 19 मिलिमीटरचे आहे, हे स्वतः मोजून पाहावे.