आपलं चितळ, तिथं परकं

आमचं गाव ताडोब्याच्या काठावर. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर बसून रात्रभर डबे वाजवायचे, तेव्हा कुठे चितळांपासून पीक वाचतं. गावातले निवृत्त गुरुजी आणि बाई सेल्युलर जेल बघायला अंदमानला गेले आणि तिथून त्यांनी एक फोटो पाठवला. जुन्या रॉस बेटावर (२०१८ पासूनचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) एक चितळ बाईंच्या पिशवीत तोंड घालून उभं. खाली गुरुजींचा प्रश्न: "हे इथं काय करून राह्यलं?"

प्रश्न अगदी रास्त. अंदमानात चितळ मुळात नव्हतंच. मोठ्या गवतखाऊ जनावरांना समुद्र ओलांडता आला नाही. वटवाघळं उडत पोचली, त्यांच्या कितीतरी जाती तिथं आहेत. बाकी लहानखुरं रानडुक्कर, घोरपड, खाऱ्या पाण्यातली मगर. जारवा आणि ओंगी लोकांची शिकार पिढ्यान्‌पिढ्या त्या डुकराची.

इंग्रजांनी १८५८ मध्ये तिथं कैद्यांची वसाहत उभारली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत साहेबलोकांना शिकारीची हौस भागवायची होती, म्हणून मुख्य भूमीवरून चितळं नेऊन सोडली. साहेब गेले, चितळं राहिली. मधल्या खाड्या पोहून ती बेटामागून बेटं धरत गेली.

आपल्या रानात चितळाच्या मागे वाघ, बिबट आणि रानकुत्री लागलेली असतात. वर झाडावर वानर बसलेलं असतं, ते पाला टाकतं आणि वाघ दिसला की खकरतं. अंदमानात यातलं कोणीच नाही. चितळाला विणीचा ठरावीक हंगाम नसतो, पाडसं वर्षभर होतात आणि खाणारं कोणी नसल्यानं जगतातही. तिथल्या झाडांना असं चरणारं तोंड कधी माहीतच नव्हतं. कोवळी रोपं वर येण्याआधीच खुडली जातात, जमिनीलगतची झुडपं विरळ होतात, आणि त्या झुडपांच्या आधारानं राहणारे सरडेही कमी होतात. मध्य अंदमानजवळच्या इंटरव्ह्यू बेटावर तर हत्ती आहेत. लाकूडतोडीसाठी आणलेले, धंदा बुडाला तेव्हा, १९६२ च्या सुमारास, चाळीसेक हत्ती तिथंच सोडून दिले. ते झाडांच्या साली सोलून खातात.

जपानी ताब्यात, १९४२ ते १९४५ दरम्यान, शंखी गोगलगाय आली. सोयाबीनवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. मूळची आफ्रिकेची, म्हणजे तिथंही परकी आणि इथंही.

मला खरा धक्का बसला तो बेडकाचा. मृगाच्या पहिल्या दणक्याला धानाच्या बांधीत हळदीसारखा पिवळाजर्द होऊन, गालाशी निळे फुगे फुगवत ओरडतो तो नर. आमच्या लहानपणी हा आवाज आला की पाऊस पक्का धरायचे. हाच बेडूक गेल्या काही वर्षांत मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून अंदमानच्या तळ्यांत पोचला. त्याची पिल्लं शेपटी गळण्याआधीच तिथल्या मूळ बेडकांची पिल्लं खातात. हत्ती-चितळ निदान माणसानं जाणूनबुजून नेले होते. हा चुकून गेला आणि त्याला हुडकून काढणं हत्तीपेक्षा अवघड.

चितळाची अडचण कायद्याचीही आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला ताडोब्यात आहे तसं अंदमानातही आहे. बंदूक घेऊन निघालं आणि कमी केलं, असं करता येत नाही. रॉसवर तर ते पर्यटकांचं लाडकं. बिस्किटं खातं, फोटो काढू देतं.

गुरुजींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझ्या धुऱ्यावरची रायमुनिया कुठली रे?" रायमुनिया म्हणजे घाणेरी. तीही परदेशीच, अमेरिकेकडची, इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी आणलेली. तिची काळी फळं आम्ही पोरं शाळेतून येताना खिसे भरून खायचो.