मधुमेह रोखला म्हणे! पण कुठल्या उंदराचा?

‘अमुक अर्काने उंदरांमधला मधुमेह रोखला’ अशी बातमी आली की मी आधी उंदीर कुठला ते शोधतो. जांभळाच्या बिया, कारलं, मेथी, हळद यांच्यावरचे आपल्याकडचे बरेच प्रयोग अ‍ॅलोक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन ही बीटा पेशी मारणारी रसायनं टोचलेल्या उंदरांवर झालेत. बीटा पेशी म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते; त्याच्या जवळ जाणारा उंदीर वेगळा, त्याचं नाव एनओडी. रक्तातली साखर दोघांचीही वाढते आणि बीटा पेशी दोघांच्याही मरतात. त्यांना मारतं कोण, हे मात्र वेगळं.

अ‍ॅलोक्झानचा हा प्रताप १९४३ साली ग्लासगोत लक्षात आला, तोही मूत्रपिंडाच्या इजेचा अभ्यास चालू असताना, सशांमध्ये. या रसायनाची घडण ग्लुकोजशी मिळतीजुळती, त्यामुळे ग्लुकोजच्याच वाटेने ते बीटा पेशीत शिरतं आणि आत फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंचा, धुमाकूळ घालतं. ती निस्तरणारी कॅटलेजसारखी एन्झाइम्स बीटा पेशींत मुळातच कमी. दोन-तीन दिवसांत खेळ खलास. अशा उंदराला आधीपासून अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्स शमवणारा पदार्थ, दिलं तर तो वाचला यात नवल ते काय? तो विषावरचा उतारा झाला. गंमत म्हणजे अ‍ॅलोक्झानच्या आधी नुसतं ग्लुकोज टोचलं तरी बीटा पेशी बचावतात. या कसोटीवर साखरसुद्धा मधुमेहावरचं औषध ठरेल!

स्ट्रेप्टोझोटोसिनचा मुख्य घाव डीएनएवर असतो. तेच थोड्या थोड्या मात्रेत पाच दिवस दिलं तर प्रतिकारशक्तीही त्यात ओढली जाते, म्हणून तो प्रकार अधलामधला.

एनओडी उंदराला काहीच टोचावं लागत नाही. जपानमधल्या शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांच्या वंशातून तो निघाला आणि १९८० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तीन ते पाच आठवड्यांच्या पिल्लातच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती पांढऱ्या पेशी जमू लागतात. साखर चढायला मात्र बारा-चौदा आठवडे उलटावे लागतात. तीस आठवड्यांपर्यंत ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांना बराच कमी. इथे हल्ला टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा असतो. फ्री रॅडिकल्स हे त्यांच्या अनेक हत्यारांपैकी एक, शिवाय पेशींच्या आपसातल्या निरोपांतही त्यांचा वाटा असतो.

हा फरक अमेरिकेतल्या लुइसव्हिलच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लख्ख दिसतो. बीटा पेशींत कॅटलेज किंवा मेटॅलोथायोनिन (हेही फ्री रॅडिकल्स शमवणारं प्रथिन) जास्त बनेल असा जनुकबदल त्यांच्याकडे तयार होता. साध्या उंदरांत त्याने स्ट्रेप्टोझोटोसिनपासून चांगलं रक्षण केलं होतं. तोच बदल एनओडीत आणला, तर मधुमेह लांबण्याऐवजी लवकर आला! थोडी फ्री रॅडिकल्स बीटा पेशींच्या भल्याचीच असावीत, अशी शंका त्यांनी मांडली. म्हणून सगळीच अँटिऑक्सिडंट्स निकालात काढायचं कारण नाही. त्याआधी जपानमध्ये एनओडीच्या बीटा पेशींत थायोरेडॉक्सिन हे दुसरं अँटिऑक्सिडंट प्रथिन वाढवल्यावर मधुमेहाचं प्रमाण घटलं होतं. निकाल उंदरावर तसाच रेणूवरही ठरतो.

आणि एनओडीत जमलं म्हणून माणसात जमेलच असंही नाही. निकोटिनामाइड हे बी-३ जीवनसत्त्वाचं रूप फ्री रॅडिकल्स टिपतं, पेशीला ऊर्जेसाठी लागणाऱ्या एनएडी या रेणूचा साठाही राखतं. स्ट्रेप्टोझोटोसिनचे उंदीर त्याने वाचवले, एनओडीतही ते चाललं. मग ‘एन्डिट’ ही युरोपातली मोठी चाचणी झाली. टाइप १ च्या रुग्णांचे ५५२ नातेवाईक निवडले. बीटा पेशींच्या पुंजक्यांविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात आधीच होती, पण मधुमेह झालेला नव्हता. पाच वर्षं निम्म्यांना निकोटिनामाइड आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली. २००४ मध्ये आकडे आले: औषधवाल्यांपैकी ८२ जणांना मधुमेह झाला, दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ७७ जणांना.