उतारवयातलं कोलेस्टेरॉल: बलकावरची बंदी आणि मागे पडलेला व्यायाम

उतारवयात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की मिळणारा सल्ला सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. बलक टाळा, तळलेलं कमी करा, चालायला जा. पण हा सल्ला ज्या अभ्यासांतून आला, त्यांत उतारवयाची माणसं फार थोडी होती. 1948 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात सुरू झालेल्या प्रसिद्ध पाहणीत सुरुवातीला 30 ते 62 वर्षांचे लोक होते. 1958 पासून सात देशांत झालेल्या आहाराच्या पाहणीत फक्त 40 ते 59 वयाचे पुरुष होते. 1984 मध्ये ज्या अमेरिकन चाचणीने ‘कोलेस्टेरॉल उतरवलं की हृदयविकार कमी होतो’ हे पक्कं केलं, तीही 35 ते 59 वयाच्या पुरुषांवर झाली होती आणि ती आहाराची नव्हे, औषधाची चाचणी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या तज्ज्ञांच्या परिषदेने दोन वर्षांवरच्या प्रत्येकाने आहार बदलावा, असं सांगून टाकलं. सत्तरीतली माणसं त्यात आपोआप आली.

याला एक ठळक अपवाद होता आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. 1959 मध्ये लॉस एंजेलिसला माजी सैनिकांच्या निवासात 846 पुरुषांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांचं वय 55 ते 89, सरासरी साधारण 65. निम्म्यांच्या जेवणातली प्राणिज चरबी काढून तिथे वनस्पती तेलं वापरली गेली, तीही कोणाच्या ताटात काय आहे हे त्यांना कळू न देता. आठ वर्षांनी त्या गटाचं कोलेस्टेरॉल जवळपास 13 टक्क्यांनी कमी होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना एकत्र धरल्या तर त्याही कमी होत्या, पण एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. म्हाताऱ्या माणसाचं कोलेस्टेरॉल निव्वळ जेवणाने उतरतं, हे 1969 मध्येच दिसलं होतं. त्यातून पुढे काय साधतं, हा प्रश्न तिथेच राहिला.

त्याच काळात, 1968 मध्ये, अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संघटनेने एक आकडा दिला: आहारातून रोज 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत. एका बलकात साधारण 200 मिलिग्रॅम असतं, म्हणून अंडं थेट आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं. या निर्णयाचा पाया तेव्हाही भक्कम नव्हता. रोजच्या खाण्यात येणाऱ्या प्रमाणात आहारातलं कोलेस्टेरॉल रक्तातल्या पातळीवर थोडाच परिणाम करतं आणि खरा फरक चरबीच्या प्रकाराने पडतो, हे मिनेसोटातल्या प्रयोगांतून 1950च्या दशकातच समोर आलं होतं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे रिसेप्टर (पेशींवरचे ग्राहक) यकृतात असतात आणि सॅच्युरेटेड फॅटमुळे, म्हणजे तूप-लोण्यात असते तशा चरबीमुळे, त्यांचं काम मंदावतं. या रिसेप्टरच्या शोधाला 1985 चं नोबेल मिळालं, तरी 300 चा आकडा हलला नाही. तो सांगायला सोपा होता. चरबीचा प्रकार समजावून सांगण्यापेक्षा ‘अंडं बंद’ म्हणणं डॉक्टरांनाही सोपं आणि रुग्णालाही.

याची सर्वाधिक किंमत वृद्धांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात भूक कमी होते, चावायला त्रास होतो, स्नायू दरवर्षी थोडेथोडे झिजतात. मऊ, झटपट शिजणारं, भरपूर प्रथिनांचं अन्न नेमकं त्यांच्याच ताटातून काढलं गेलं आणि त्या जागी बहुतेक वेळा बिस्किटं, पाव असलं काहीतरी आलं.

2015 मध्ये अमेरिकेच्या आहार सल्लागार समितीने म्हटलं की आहारातल्या कोलेस्टेरॉलच्या अतिसेवनाची चिंता करण्याचं कारण नाही. बातम्यांनी अंडं निर्दोष सुटल्याचं जाहीर केलं. जानेवारी 2016 मध्ये आलेल्या अंतिम मार्गदर्शनात 300 चा आकडा खरोखरच नव्हता, पण कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी खावं, असं वाक्य मात्र होतं. सॅच्युरेटेड फॅट एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट तर कायमच होती आणि ती बातम्यांत जवळपास कुठेच दिसली नाही. 2019 च्या मार्चमध्ये जवळपास 30 हजार अमेरिकनांच्या माहितीवरून अंडी आणि हृदयविकाराचा संबंध पुन्हा दाखवला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी, 1968 मध्ये बंदी घालणाऱ्या त्याच संघटनेने वेगळं सांगितलं: कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या वृद्धांनी एकंदर चांगल्या आहाराचा भाग म्हणून रोज दोन अंड्यांपर्यंत खाल्ली तरी चालतील. ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे, त्यांना ही मोकळीक नाही.

दरम्यान, सत्तरीनंतर कोलेस्टेरॉलकडे लक्ष द्यावं का, यावरच वाद होता. 1994 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराच्या सुमारे हजार वृद्धांच्या पाहणीत कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचा संबंध आढळला नाही. 2007 मध्ये 61 अभ्यासांतल्या जवळपास 9 लाख लोकांची माहिती एकत्र केल्यावर चित्र बरंच स्पष्ट झालं. एकूण कोलेस्टेरॉल (दर डेसिलिटर रक्तामागे) साधारण 39 मि.ग्रॅ.ने कमी असेल तर हृदयविकाराने मरण्याचा धोका चाळिशीत निम्मा दिसला, तर 70 ते 89 वयात एक षष्ठांशाने कमी. पण त्या वयात हा आजारच इतका जास्त असतो की एक षष्ठांश म्हणजेही पुष्कळ जीव. शिवाय दीर्घ आजारात आणि अशक्तपणात कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं, म्हणून वृद्धांत कमी आकडा नेहमी चांगलाच असतो असं नाही.

व्यायामाचा भाग या सगळ्यात मागे राहिला. 1970च्या दशकात नियमित धावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत एचडीएल जास्त दिसलं आणि मग व्यायाम म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल वाढवणं’ असंच समीकरण झालं. 2006 मध्ये एचडीएल भरपूर वाढवणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी मृत्यू वाढल्यामुळे थांबवावी लागली. त्यानंतर त्या समीकरणावरचा विश्वास ओसरला आणि त्याबरोबर व्यायामाची बाजूही उगाचच कमकुवत वाटू लागली.

खरं तर उत्तर 1998 मध्येच आलं होतं. कॅलिफोर्नियात पुरुष आणि पाळी गेलेल्या स्त्रियांवर वर्षभर झालेल्या चाचणीत कमी चरबीचा आहार एकटा दिला, तेव्हा एलडीएल लक्षणीय उतरलं नाही. नुसत्या व्यायामानेही नाही. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र पुरुषांत ते सुमारे 20 मि.ग्रॅ.ने आणि स्त्रियांत 14-15 ने उतरलं. त्यासाठी आठवड्याला 16 किलोमीटर भरभर चालण्याइतका व्यायाम पुरला. या चाचणीतही 64 च्या पुढचं कोणी नव्हतं.

2003 मध्ये टोरांटोत ओट्स-बार्लीतले विरघळणारे तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे घटक) असा एकत्रित आहार देऊन महिनाभरात एलडीएल 28 टक्क्यांहून जास्त खाली आणलं गेलं. ते अन्न संशोधकांनी पुरवलेलं होतं. पुढे लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडलं, तेव्हा हा परिणाम जवळपास निम्म्यावर आला.

पासष्टीपुढच्यांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती 2011 मध्ये सेंट लुईसहून आलेली चाचणी, जरी तिचा मुख्य विषय कोलेस्टेरॉल नव्हता. 65 वर्षांवरच्या 107 स्थूल व्यक्तींना वर्षभर पाहिलं गेलं. केवळ आहार कमी करणाऱ्यांचं वजन उतरलं, पण चरबी सोडून उरलेलं वजनही 5 टक्क्यांनी घटलं. आहाराबरोबर वजनं उचलण्याचा आणि चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांत ही घट 3 टक्के होती आणि उठण्या-चालण्याची क्षमता त्यांच्यातच सगळ्यांत जास्त, 21 टक्क्यांनी, सुधारली.