फिरतो तो प्रत्येक कॅमेरा पीटीझेड नसतो

खोक्यावर ‘पीटीझेड’ छापलेलं असतं, ॲपमध्ये चार बाण दिसतात, बाण दाबला की कॅमेऱ्याचं डोकं वळतं. एवढं पाहून अनेकांची अशी समजूत होते की विमानतळाच्या खांबावर लटकतो तोच घुमटाकार कॅमेरा आपण लहान आकारात घरी आणला. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मांडणीवर ठेवायचा वायफाय कॅमेरा बहुधा नुसता पीटी असतो. तो पॅन करतो, म्हणजे डावी-उजवीकडे वळतो, आणि टिल्ट करतो, म्हणजे वर-खाली पाहतो. पीटीझेडमधला शेवटचा झेड झूमचा, आणि तोही आतली भिंगं सरकवून केलेल्या ऑप्टिकल झूमचा. झूमचं बटण पीटीच्या ॲपमध्येही असतं, पण तिथे नाव मोठं आणि लक्षण खोटं.

बोटांनी पडदा ताणून चित्र मोठं करतो, तो डिजिटल झूम. १०८०पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपक्यांचं. चौपट डिजिटल झूम केला की त्यातला ४८० गुणिले २७० चा तुकडा उरतो. तेवढ्या १ लाख ३० हजार ठिपक्यांनाच फुगवून अख्खा पडदा भरला जातो. नवीन माहिती कणभरही येत नाही. ऑप्टिकल झूममध्ये भिंगाची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ; ती जितकी जास्त तितकं दूरचं मोठं दिसतं) वाढते आणि सेन्सरचे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचे, सगळे ठिपके त्या छोट्या तुकड्याच्या कामी येतात. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न ‘किती एक्स?’ हा नव्हे. नाभीय लांबी किती मिलिमीटरपासून किती मिलिमीटरपर्यंत, ते विचारा. तिथे ४ मिमी असा एकच आकडा असेल, तर झूम डिजिटल आहे. ‘४.८ ते १२० मिमी’ असं लिहिलेलं असेल, तर तो खरा २५ पटीचा झूम.

याने व्यवहारात काय फरक पडतो? पाळत-कॅमेऱ्यांच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी सोपं माप आहे. अनोळखी माणूस नेमका कोण हे निःशंक ठरवायचं, तर तो उभा आहे त्या जागी चित्रात दर मीटरला २५० ठिपके हवेत. आधी पाहिलेला माणूस हाच का, एवढं सांगायला १२५ पुरतात, आणि कोणीतरी आहे हे कळायला २५. घरगुती पीटीचं भिंग साधारण ९० अंशांचं धरा. १९२० भागिले २५० म्हणजे ७.६८ मीटर रुंदीचं दृश्य, आणि ९० अंशांच्या भिंगाला तेवढी रुंदी ३.८४ मीटरवर मिळते. चार मीटरांच्या आत चेहरा ओळखता येतो, त्यापुढे अंदाज सुरू. खोलीला हे भरपूर झालं. मोठ्या आवाराच्या फाटकाला काही उपयोग नाही.

आता तो ४.८ ते १२० मिमीचा पीटीझेड घ्या, सेन्सर १/२.८ इंचाचा. झूम मिटलेला असताना त्याला १०० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे दर मीटरला १७ ठिपके; माणूस आहे की खांब, हेही धड कळणार नाही. पूर्ण झूम केला की त्याच अंतरावर साडेचार मीटरांचा तुकडा पडदा भरून दिसतो, दर मीटरला चारशेहून जास्त ठिपके. कागदावर तो १७० मीटरपर्यंत चेहरा ओळखू शकतो. कागदावर म्हणालो, कारण धूळ, धुकं आणि दुपारच्या तापलेल्या हवेची थरथर यांना हा हिशेब माहीत नसतो.

मग पीटीतच मोठं झूम भिंग का बसवत नाहीत? भिंगाची किंमत आड येते हे खरं, पण मुख्य अडचण मोटरची असते, आणि दोघांमधला खरा भेद इथेच दिसतो. ९० अंशांच्या भिंगात डोकं एक अंश चुकीचं थांबलं तर चित्र सुमारे २१ ठिपके सरकतं. कोणाच्या लक्षातही येणार नाही. १२० मिमीवर दृश्यच जेमतेम अडीच अंशांचं असतं. तिथे एका अंशाची चूक म्हणजे साडेसातशे ठिपके, जवळजवळ चाळीस टक्के पडदा. ज्याला पाहायचं तो माणूस चौकटीतून गेलाच. पीटीतली मोटर छोटी स्टेपर, म्हणजे पावला-पावलाने फिरणारी असते, दाते बहुधा प्लॅस्टिकचे, आणि दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. डोकं आत्ता कुठे आहे हे बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना प्रत्यक्ष कळत नाही. चालू झाल्यावर ते एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला कुरकुरत जाऊन येतात आणि तिथून पुढे पावलं मोजत राहतात. त्यामुळे असलं डोकं हाताने कधीही वळवू नये. दाते घसरतात, मोजणी चुकते, आणि दरवाज्यासाठी साठवलेला प्रीसेट, म्हणजे लक्षात ठेवलेली दिशा, शेजारचं कपाट दाखवू लागतो. तसं झालंच तर ॲपमधलं कॅलिब्रेशन चालवा, म्हणजे मोजणी नव्याने सुरू होते. ती सोय नसेल तर वीज काढून पुन्हा लावा.

वळण्याच्या मर्यादेतही फरक आहे. पीटीच्या पोटातून वायर जाते, म्हणून तो साधारण ३५५ अंशांवर अडतो. खऱ्या पीटीझेडमध्ये स्लिप रिंग असते, म्हणजे सरकत्या स्पर्शातून वीज आणि सिग्नल जातात, त्यामुळे तो एकाच दिशेने कितीही फेऱ्या मारतो. पाच अंशांत काय मोठं, असं वाटेल. पण माणूस नेमका त्या अडथळ्यापलीकडे गेला तर पीटीला उलटं, जवळजवळ पूर्ण फेरी घालून यावं लागतं. वेग सेकंदाला ४० अंश धरला तरी नऊ सेकंद लागतात, आणि नऊ सेकंदांत माणूस खोलीबाहेर जातो. म्हणून पीटी ठेवताना ते टोक भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे येईल असा ठेवावा. पत्रकात हे सहसा लिहिलेलं नसतं.

पीटीची बाकी मांडणी सोपी आहे. आधी भिंगाभोवतीचा फोम आणि चिकटपट्टी काढा. ती तशीच ठेवून कॅमेरा चालू केला की मोटर तिच्याशी झगडत बसते. अनेक पीटी फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय ओळखतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव दिलं असेल आणि जोडणी अडत असेल, तर तेवढ्यापुरती नावं वेगळी करा. मग फोनवरचा क्यूआर कोड भिंगासमोर धरायचा, ‘जोडलं’ असा आवाज आला की झालं. छताला उलटा टांगणार असाल तर ‘फ्लिप’ चालू करा. चित्र सुलटं होऊनही डावा बाण दाबल्यावर कॅमेरा उजवीकडे जात असेल, तर बाणांची दिशा उलटवण्याची वेगळी नोंद सेटिंगमध्ये आहे का पाहा. खिडकीच्या काचेतून बाहेर पाहायला तो ठेवू नका, रात्री स्वतःच्याच इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड काचेवरून परत येऊन चित्र पांढरं होतं.

पीटीझेडचं काम शिडीपासून सुरू होतं. काही किलोचा ऐवज डोक्यावर लटकणार असतो, म्हणून सुरक्षा तार आधी अडकवायची आणि स्क्रू नंतर आवळायचे. ब्रॅकेट ओळंब्यात हवा. तिरपा बसला तर फिरताना क्षितिज डोलतं, आणि पूर्ण झूमवर तर वाऱ्याने हलणारा खांबही चित्र बघवू देत नाही. पातळ पाइपापेक्षा भिंत कधीही बरी.

वीज हा दुसरा मुद्दा, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. २००३ च्या आयईईई ८०२.३एएफ मानकाचा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा, पोर्टमागे १५.४ वॅट देतो, २००९ चा ८०२.३एटी ३० वॅट. मोटरी, इन्फ्रारेड दिवे आणि हीटर मिळून बऱ्याच पीटीझेडना ३० वॅट किंवा त्याहून जास्त लागतात. कमी ताकदीच्या पोर्टावर असा कॅमेरा दिवसभर शहाण्यासारखा चालूही शकतो. अंधार पडून दिवे लागले, त्यात मोटर फिरली, की बंद पडून पुन्हा सुरू होतो. कॅमेरा सदोष म्हणून परत पाठवण्याआधी स्विचवर पोर्टाची ताकद वाचा. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. आणि कॅमेऱ्यातून निघणाऱ्या वायरीच्या शेपटीचा जोड पावसात उघडा लोंबकळत ठेवू नका. सोबत आलेली रबरी टोपी त्यासाठीच असते.

तिसरा मुद्दा नियंत्रणाचा. जुन्या ॲनालॉग डोमला (घुमटाकार पीटीझेडला) चित्राची वायर वेगळी आणि आदेशांची आरएस-४८५ ची जोडी वेगळी असायची. तिथे प्रोटोकॉल, म्हणजे आदेशांची भाषा (बहुधा पेल्को-डी), बॉड रेट, म्हणजे आदेश पाठवण्याचा वेग, आणि कॅमेऱ्याचा पत्ता, तिन्ही दोन्ही बाजूंना जुळले तरच डोकं हलतं. सगळं जुळूनही ढिम्म असेल तर ए आणि बी वायरी अदलाबदल करून पाहाव्यात. आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात ही कटकट नाही, पण वेगळी आहे. कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोघं ऑनव्हिफमधून बोलतात. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलेली ही जोडणीची सामायिक भाषा आहे. नेहमीची तक्रार अशी: चित्र येतं, पण बाण दाबले तर काही होत नाही. चित्राचा रस्ता आणि आदेशाचा रस्ता वेगवेगळा असतो, म्हणून असं होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑनव्हिफ चालू आहे का आणि त्याचा वेगळा वापरकर्ता केला आहे का ते पाहा. तरीही हलत नसेल तर घड्याळ पाहा. ऑनव्हिफच्या ओळख-तपासणीत वेळेचा शिक्का असतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत मोठी तफावत असली तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. दोघांना एकाच टाइम सर्व्हरवर टाकलं की बाण चालू लागतात.

पासवर्डाबाबत दोघांना एकच नियम. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्याचेच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला करून कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास बंद पाडली. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि राउटरवर पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर टांगू नका.

चालवण्याची सवयही वेगळी लागते. पीटीचा आदेश बहुधा फोनवरून कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातो, चित्रही उशिरा येतं. बाण दाबून धरला की तुम्ही थांबेपर्यंत कॅमेरा पुढे निघून गेलेला असतो. टिचकी मारा, चित्र येऊ द्या, पुन्हा टिचकी मारा. पीटीझेड स्थानिक नेटवर्कवर जॉयस्टिकने चालवताना जवळजवळ हातासोबत हलतो. झूम जितका जास्त तितका फिरण्याचा वेग आपोआप कमी होतो. ही सोय बंद असेल तर आधी ती चालू करा, नाहीतर पूर्ण झूमवर स्टिकला नुसता स्पर्श झाला तरी दृश्य उडून जाईल. डोक्याखालून माणूस गेला की चांगला डोम आपणच १८० अंश वळून चित्र सरळ ठेवतो.

पण रोजच्या कामात जॉयस्टिकपेक्षा प्रीसेट मोलाचे. फाटकाचा प्रीसेट साठवायचा तर फाटक चौकटीत आणून थांबू नका. माणूस जिथे थांबून बेल वाजवतो त्या जागी झूम करा, फोकस बसू द्या, रात्री दिवे लागल्यावर तोच प्रीसेट पुन्हा बोलावून पाहा, आणि मगच पक्का करा. दिवसा नीट दिसणारी पाटी रात्री इन्फ्रारेडमध्ये पांढरी फट्ट पडते. पीटीत झूम साठवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे दरवाजा, खिडकी, पाळणा असे तीन-चार प्रीसेट पुरतात.

प्रीसेटांची माळ करून कॅमेरा सतत फिरवत ठेवणं, म्हणजे टूर किंवा पॅट्रोल (गस्त), हे मला दोघांतही फारसं पटत नाही. पीटीचे दाते झिजतात. आणि पाच ठिकाणांची टूर लावली तर प्रत्येक ठिकाण पाचातले चार भाग वेळ कोणीच पाहत नसतं. फिरणारा कॅमेरा, मग तो कितीही महाग असो, समोर आहे तेवढंच रेकॉर्ड करतो. ऑटो-ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे आपोआप पाठलागात, तर हे आणखी जाणवतं: एका माणसाच्या मागे तो आवाराच्या टोकापर्यंत जातो, आणि दुसरा आत येतो तेव्हा कॅमेऱ्याची पाठ असते.

त्यामुळे खोलीला पीटी एकटा चालतो, पण उघड्या आवारात पीटीझेड एकटा बसवायला मी सांगत नाही. अख्खं आवार दिसेल असा साधा, न हलणारा रुंद कॅमेरा आधी, आणि तपशिलासाठी पीटीझेड नंतर. पैसे एकाचेच असतील तर न हलणारा घ्या. दोन्ही असतील तर पीटीझेडच्या सेटिंगमध्ये ‘पार्क’ शोधा, काही ठिकाणी त्याला ‘होम’ किंवा ‘आयडल ॲक्शन’ म्हणतात. तिथे फाटकाचा प्रीसेट द्या आणि वेळ ३० सेकंद ठेवा. कोणी जॉयस्टिक फिरवून कॅमेरा आभाळाकडे वळवून उठून गेलं, तरी अर्ध्या मिनिटात तो फाटकावर परत येतो.